वाक्य क्रमांक सतरा

प्रश्नावलीत सतरावं वाक्य होतं:
'मी येते.' (बोलणारी स्त्री. निरोप घेताना.)
पुढच्या रकान्यात काय यायला हवं
ते पुण्याच्या कार्यालयाने आधीच छापलेलं.

खानापुरात, मलप्रभेच्या अलीकडे,
यल्लूबाई घाडी भट्टीतल्या विटा मोजत होत्या.
विचारलं, घरातून निघताना काय म्हणता?
'येतो म्हणतो की. आणि काय म्हणतंय माणूस?'
मी लिहिलं: येतो. लिंग: पुल्लिंग.
आणि सूचनेप्रमाणे शेजारी एक बारकी फुली.
त्यांनी वाकून बघितलं.
'नापास केलंस काय गे मला?'

फुली माझ्या ओळखीची होती.
वसतिगृहाच्या जिन्यात, पहिल्याच आठवड्यात,
मी 'आलो, आलो' करत खाली धावले
आणि चार मुली माझ्या मागे बघू लागल्या,
कुठला मुलगा येतोय म्हणून.
त्या वर्षी मी चहात साखर कमी घ्यायला शिकले
आणि प्रत्येक क्रियापदाला बांगड्या भरायला.

तसं बघितलं तर जुन्या भाषेत
'येत' एवढाच तुकडा होता:
येत असलेलं कुणीतरी, उंबऱ्यापर्यंत न पोचलेलं.
पुढे त्याला शेपूट फुटलं,
बाप्याला ओ, बाईला ए,
आणि मग शेपटावरूनच माणूस ओळखायची सवय लागली.

घाटाच्या वाटेला पियेदाद मावशी म्हणाल्या,
'हांव येतां.'
मावशी येतां, त्यांचा नवरा येतां, पाद्रीही येतां.
आमच्याच 'येत'ची ही बहीण,
तिने ओशी लग्न केलं नाही की एशी.
एवढ्यात नात आली, 'आयलें, आयलें' ओरडत,
सात वर्षांची, नपुंसकलिंगी, गुडघा फुटलेला.
मावशी हसल्या: 'मागीर जातली बायल.'
घाई कुणालाच नव्हती.

बाजारात जुलेखाबी बागवान केळ्यांचा फणा तोडत:
'आतूं मैं.'
तिथेही शेपूट नाही. मी दोनदा विचारलं.
दुसऱ्यांदा त्यांनी केळं दिलं.

आणि इटगीच्या रस्त्यावर बसलिंगव्वा:
'होगि बर्तीनि.'
जाऊन येणार, शेवटच्या 'नि'त मी.
त्या मीला लुगडं नाही, धोतर नाही.
ही भाषा आमच्या कुळातली नव्हे,
कुठल्याच तक्त्यात आम्ही एका फांदीवर नाही.

तक्त्यात बहिणी बहिणींशेजारी असतात.
पण साखर संपली तर कोण बहिणीकडे जातं?
बहीण लांब दिलेली असते.
माणूस भिंतीवरून वाटी पुढे करतं.
किती शतकं अशी वाटी इकडून तिकडे गेली असेल,
कुणी हिशेब ठेवला नाही, कुणी परत मागितली नाही.
मला वाटतं (अहवालात 'संभवते' लिहावं लागेल)
यल्लूबाईंच्या 'येतो'त पुरुष नव्हताच कधी.
भिंतीपलीकडून आलेला तो
वाटीभर मी होता.

आणि गंमत बघा, पाचही जणी
जाताना येण्याचंच बोलत होत्या, मला धरून.

मला धरून, हे रात्री कळलं.
लॉजवर, पंख्याच्या घरघरीत,
दिवसभराचं ध्वनिमुद्रण ऐकत बसले.
भट्टीपाशी मी यंत्र बंद करायला विसरले होते.
विटांवर विटा. कुत्रं. लांबून एस.टी.
मग एक आवाज, चौदा वर्षं पुण्यात घासलेला,
सहज, चपला घालता घालता:
'बरं यल्लूबाई, येतो.'

तक्त्यात माझ्यासाठी ओळ नव्हती.
फुलीसाठी उचललेलं पेन हातातच राहिलं.
पट्टीवर यल्लूबाई म्हणत होत्या, 'ये की,'
आणि लगेच, मोड न होऊ देता,
'एकशे बारा, एकशे तेरा…'